सोपानला कुठे उभं करायचं

२५ ऑक्टोबर १९७८, बुधवार
पर्सोनेलच्या मोकाशींनी शेवटी आमच्या बास्केटबॉल टीमसाठी उंच माणूस पाठवला. स्टोअर्सच्या दारातून वाकून आत येतो. कंपनीची पॅन्ट घोट्याच्या वर. नाव सोपान, चाकणच्या पलीकडचं गाव, वय वीस-एकवीस. बास्केटबॉल कधी पाहिलेलासुद्धा नाही, गावाकडे कबड्डी खेळायचा. "जमेल का रे?" विचारलं, तर म्हणाला, "बघू की सर. आमी न्हाई म्हनत न्हाई."
मोकाशी म्हणाले, "पाठक, दरवर्षी उंची नाही म्हणून रडता. घ्या आता. टेम्पररी आहे, फेब्रुवारीअखेर ब्रेक येतोय त्याचा. त्याआधी कंपन्यांच्या स्पर्धेत चमकला तर पर्मनंटचं साहेबांच्या कानावर घालतो. पण त्याला बोलू नका एवढ्यात, डोक्यात हवा जाईल."
ब्रेक म्हणजे घरी बसणं आणि पुढे बोलावतील तेव्हा पुन्हा शून्यापासून. मशीन शॉपमध्ये चार्जहँड म्हणून माझ्या हाताखालच्या पोरांचं हे मी दरवर्षी बघतो. बरं वाटत नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतरची पहिली प्रॅक्टिस. पहिली शिफ्ट सुटली की सगळे थेट ग्राउंडवर. सोपानच्या मापाचे बूट आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये नाहीत. कॅनव्हासचे बूट घेऊन पुढून कापले, अंगठे बाहेर. रिंगखालून मारलेला बॉल बोर्डाच्या खालच्या कडेला लागून त्याच्याच कपाळावर. पोरं हसली, तोही हसला. उडी चांगली आहे. नेम अजिबात नाही. म्हणजे नाहीच.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. भोसरीच्या एका कंपनीबरोबर मैत्रीची मॅच. आज जे झालं ते लिहून ठेवलं नाही तर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.
सोपानने त्यांच्या माणसाला धक्का दिला. शिट्टी. मी शिकवल्याप्रमाणे त्याने हात वर केला, इथपर्यंत ठीक. मग शांतपणे चालत बाहेर आला आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. आत आमचे चारच जण पळतायत. मी ओरडलो, "अरे, इथे काय करतोस?" तर म्हणे, "बाद झालो ना सर." मी म्हटलं, "जा आत!" तो उठेना. म्हणाला, "आपला कुनी पॉइंट काढला की जिवंत होतो न्हवं मी?" कबड्डीचा नियम! बाद झाला, आता गडी उठायची वाट बघत बसला होता.
पंच हसून हसून खाली बसले. मला आधी राग आला, मग मीही हसलो. घरी सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, त्याला कोणी सांगितलंच नसेल." खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.

२७ नोव्हेंबर, सोमवार
आज काहीतरी दिसलं. नीट लिहितो.
रिंगखाली उभा राहून सोपान दमला, म्हणून त्याला रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेघेवर आणून नुसतं उभं केलं, रिंगकडे पाठ करून. आमचा सलीम, मेंटेनन्समधला, सगळ्यात चपळ गार्ड, त्याने सहज बॉल दिला आणि तो स्वतः बाजूने आत पळाला. बॉल सोपानच्या हातात थांबलाच नाही. आला तसा खांद्यावरून मागे गेला, थेट सलीमच्या हातात, रिंगखाली. सलीम इतका दचकला की सोपी बास्केट चुकवली.
पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. पोरगा बघतोय कुठे आणि बॉल जातोय कुठे!
विचारलं, कुठे शिकलास? तर प्राधिकरणात निगडीला बंगल्यांची कामं चालू होती तिथे तो विटा चढवायला होता. खालचा वीट वर फेकणार, मधल्याने झेलून तशीच पुढे द्यायची. "धरून ठिवली की बोटं सोलत्यात सर. आन वरच्याचा हात रिकामा झाला का न्हाई, ते आदी बगावं लागतं."
सलीम म्हणाला, "सर, ये तो सोना हाय. याला बॉल द्यायचा आणि डोळे मिटून आत पळायचं."
वीस वर्षं खेळलो, शिकवलं, असा उंच माणूस मला मिळाला नव्हता. उंच माणसाला मिळालेला बॉल तो सोडतच नाही कधी. आज आनंद झाला, सरळ आनंद.

१० डिसेंबर, रविवार
आता सगळं सोपानभोवती. तो मधे रेघेवर, बॉल त्याला, बाकीचे आलटून पालटून समोरच्यांना चुकवून आत. तो स्वतः क्वचितच मारतो. मी मारायला सांगितलं की मारतो आणि चुकवतो. पण आमची पोरं एवढ्या सोप्या बास्केट याआधी कधी मारत नव्हती. जो तो प्रॅक्टिसला वेळेवर. पूर्वी बोलावून आणावं लागायचं.

२२ डिसेंबर, शुक्रवार
मोकाशी प्रॅक्टिस बघायला आले. खुर्ची मागवली, चहा मागवला. थोड्या वेळाने, "हा पाठ करून काय उभा राहिलाय? रिंग तिकडे आहे ना?" समजावलं. दोनदा समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक. पण बास्केट किती याच्या?" मी म्हटलं, याच्यामुळे किती, ते विचारा. ते म्हणाले, "पाठक, साहेब नोटीस बोर्ड वाचतात. मॅचनंतर आपण कोणी किती पॉइंट्स केले ते लावतो. याच्या नावापुढे काही नसेल तर मी कोणत्या तोंडाने जाऊ?"
 परतताना सायकलवर उत्तर सुचलं, पण काय उपयोग.

३ जानेवारी १९७९, बुधवार
मोकाशींकडे गेलो. म्हटलं, बोर्डावर आणखी एक रकाना करू, कोणाच्या पासवर बास्केट झाली त्याचा. ते हसले. "उद्या बाकावर बसलेल्यांचाही रकाना करा."
सोपानचं लग्न अडलंय असं सलीमकडून कळलं. मुलीकडचे म्हणतात, पर्मनंट झाला की बोलू. पोरगा मला एका शब्दाने बोलला नाही.

११ जानेवारी, गुरुवार
ठरवलं. सोपानला रिंगखाली उभं करायचं. सगळे बॉल त्याला, त्याने मारायचे. नेम नसला तरी उंची आहे, चुकलेला परत घेऊन मारेल, दोन-तीन प्रयत्नांत एक पडेल. नावापुढे आकडा लागेल. टीमचं जे व्हायचं ते होवो, स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे. नोकरी पुन्हा नाही.
सोपानला सांगितलं. कारण सांगितलं नाही. "व्हय सर," एवढंच म्हणाला. तोंड मात्र उतरलं.

१८ जानेवारी, गुरुवार
गटातली पहिली मॅच. हरलो, वाईट हरलो. रिंगखालच्या आखलेल्या जागेत तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहिलं की शिट्टी होते. हा तिथेच रोवलेला, शिट्ट्याच शिट्ट्या. त्यांचे दोघं त्याच्या अंगावर. बाकीची आमची पोरं बाहेर हात कमरेवर ठेवून उभी. पण पॉइंट्स सोपानचे सगळ्यात जास्त, कारण दुसऱ्या कोणाला बॉल मिळालाच नाही.
मोकाशी खूश! "बघा, मी म्हणत नव्हतो? हरलो तर हरलो, पोराचं काम झालं." त्यांचंही चुकतंय असं म्हणता येत नाही, माझाच बेत होता.
सलीम माझ्याशी न बोलता निघून गेला.

२५ जानेवारी, गुरुवार
हरलो तर घरी, अशी मॅच. हाफ टाइमला मागे. मी म्हटलं, बॉल सोपानलाच द्या. सलीमने टॉवेल खाली टाकला. "सर, एक सांगा. आम्ही जिंकायला आलोय का याला पर्मनंट करायला?" त्याला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलेलं.
 सोपान पाणी पीत होता, थांबला. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हंजी यापायी मला आत उभा केला व्हय सर?"
मी हो म्हटलं. खोटं बोलणं जमलंच नसतं.
त्याने बूट आवळले. दुसऱ्या हाफला शिट्टी झाली आणि हा आपला आपण रेघेवर येऊन उभा, रिंगकडे पाठ. मी बाकावरून ओरडायला उठलो होतो. ओरडलो नाही. पहिलाच बॉल त्याच्याकडून सलीमकडे, बास्केट. मग दुसरा, मग आमचा डावखुरा पोरगा, मग पुन्हा सलीम. समोरच्यांना कळेचना कोणाला धरायचं. पहिल्या हाफभर कोरड्या पडलेल्या पोरांच्या अंगात एकदम जीव आला. जिंकलो.
नंतर सोपान माझ्याजवळ आला. "रागावला न्हाई ना सर? आत रिंगकडं तोंड केलं की मला मागचं कायबी दिसत न्हाई. इटा डोळं झाकून देतंय का कुनी?"
कसला रागावतो. मान नुसती हलवली. 

२६ जानेवारी, शुक्रवार
झेंडावंदनानंतर लगेच पुढची मॅच. तोच खेळ. जिंकलो. आठवड्याने फायनल.
बोर्डावर सलीमचं नाव वर. सोपान सगळ्यात खाली. मोकाशींनी कॉरिडॉरमध्ये बघून न बघितल्यासारखं केलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार
फायनल. समोर पिंपरीची मोठी कंपनी, त्यांच्याकडे बाहेरून आणलेले खेळाडू. शेवटपर्यंत बरोबरीत होतो, शेवटच्या बास्केटने हरलो. वाईट वाटलं, पण मान खाली घालायला लागली नाही. असं खेळताना आमची टीम मी कधी बघितली नव्हती.
त्यांचे कोच फर्नांडिस मॅचनंतर भेटले. जुने ओळखीचे. "पाठक, तो लंबू द्या मला. डायरेक्ट पर्मनंट करतो." मी विचारलं, कुठे खेळवणार? ते म्हणाले, "रिंगखाली रोवणार, आणि कुठे? एवढी उंची तुम्ही रेघेवर वाया घालवता राव."
त्याला मारायला शिकवतील. दोन वर्षांत शिकेलही. खाली उभा राहून रिबाउंड घेईल आणि मारेल, त्यांच्याकडच्या इतर सगळ्या उंच माणसांसारखा.

२० फेब्रुवारी, मंगळवार
ब्रेकची यादी लागली. सोपानचं नाव आहे. मोकाशींकडे गेलो, भांडलो. चार्जहँडने पर्सोनेलमध्ये आवाज चढवायचा नसतो, पण चढवला. ते म्हणाले, "अहो, मी बोललो होतो साहेबांशी. साहेबांनी बोर्डच दाखवला. आता सहा महिन्यांनी परत घेऊ की टेम्पररी म्हणून. घाई काय?"
घाई काय!

२२ फेब्रुवारी, गुरुवार
सोपान घरी आला. दारात वाकला. सुमनने पोहे केले, दोन डिश खाल्ल्या. मग मांडी घालून सांगायला लागला. फर्नांडिसनी त्याला परस्पर निरोप धाडलाय. सोमवारी सकाळी त्यांच्या गेटवर यायचं, कागद तयार आहेत.
"काय करू सर?"
मी सांगितलं, जा. पर्मनंट होशील, लग्न होईल, आईबापाला बरं वाटेल. खेळाचं काय, खेळ कुठेही असतो. हे सगळं मी अगदी ठामपणे बोललो. सुमन स्वयंपाकघरातून ऐकत होती.
तो म्हणाला, "ते खरं सर. पन तिथं मी बॉल दिला तर आत पळनार कोन?"
मी म्हटलं, तिथे तू द्यायचा नाही. मारायचा.
"व्हय," म्हणाला.  मग उठला, वाकून पाया पडायला लागला, मी उठवलं. निघताना जाणार की नाही ते सांगितलं नाही.
तो गेल्यावर सुमन म्हणाली, "छान सांगितलंत." त्यात कौतुक होतं का, ते कळलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
प्रॅक्टिस. रेघेवर फाउंड्रीतला नवा पोरगा उभा केला, बऱ्यापैकी उंच आहे. बॉल हातात आला की दोन्ही हातांनी छातीशी धरून इकडेतिकडे बघतो. सलीम आत पळाला, थांबला, परत बाहेर आला. असं बऱ्याचदा. शेवटी त्याने विचारलं, "सर, कल सोपान जानार का?"
माहीत नाही म्हटलं. गुरुवारपासून तो इकडे फिरकलाच नाही; गावाकडे निरोप धाडला होता, उत्तर नाही. मोकाशींकडेही परवा पुन्हा गेलो होतो, अजून एकदा साहेबांना भेटतो म्हणाले. भेटतील की नाही, कोणास ठाऊक.
उद्या सकाळी तो त्यांच्या गेटवर असेल किंवा नसेल. गेला तर बरं, असं मी सलीमला सांगितलं, सुमनला सांगितलं, सोपानला तर सांगितलंच. जायलाच पाहिजे त्याने. आणि इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला मात्र तो जाऊ नये असं फार वाटतंय.