चांदी नव्हे, चंदी

नांदेड,
सोमवार, १० नोव्हेंबर

तीर्थरूप शंकरप्पा काकांना स्वप्नालीचे शरणु शरणार्थी.

पत्रात आधी चूक कबूल करायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची, हे तुम्हीच मला दुकानाच्या ओट्यावर पाटी हातात देऊन शिकवलं (शाळेत जायच्या आधी मला जे काही लिहिता-वाचता यायला लागलं ते गुळाच्या ढेपेला टेकूनच), म्हणून आधी चूक लिहिते. मागच्या पत्रात मी कळवलं होतं की तुमच्या नातीला, शिवलीलाला, घोड्यावर बसू देण्याच्या बदल्यात अमृतराव सकाळ-संध्याकाळ चांदी मागतात. ते चांदी म्हणाले नव्हते, चंदी म्हणाले होते. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, भरडलेला हरभरा आणि जव. चूक एका कान्याची आहे, पण त्या कान्यापायी तुम्ही एका सज्जन माणसाला पोस्टकार्डावर जे म्हटलंत ते मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. दुसरी चूक बारीक आहे. तो घोडा नाही, घोडी आहे.

आता ख्यालीखुशाली. गुरम्मा काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना आणि बाळाला चांगली झोप लागते का? तुमचं ऐकायचं यंत्र कानात असतं की अजून गल्ल्यातच? (ते गल्ल्यात असतं म्हणूनच फोनवर बोलायच्या गोष्टी मला कागदावर लिहाव्या लागतात.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही शनिवारी निलंग्याहून येताय हे वाचून आनंद झाला.

सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे पुन्हा काही चुकायला नको. श्रावणात शिवलीला दुकानातल्या माळ्याच्या शिडीवरून पडली, वहिनींचे दिवस भरत आलेले, म्हणून राजशेखरदादानं तिला उपचारासाठी माझ्याकडे आणून ठेवलं. प्लास्टर निघून महिना होऊन गेला. हाड नीट जुळलंय, आता पोरीनं पाय टाकला पाहिजे, नाहीतर पाय बारीक होत जाईल, असं डॉक्टर दर वेळी सांगतात आणि दर वेळी माझ्याकडे असं बघतात, जसा काही तो पाय मीच पर्समध्ये घालून ठेवलाय. ती पलंगावर पडून सगळे व्यायाम करते. उभं करायला गेलं की डावा पाय बगळ्यासारखा वर घेते आणि दोन्ही हात पसरते, की घ्या मला. मग मी घेते. सात वर्षांची पोर आहे काका, आणि आपल्या घरात कुणी हडकुळं जन्माला येत नाही. जिना चढेपर्यंत माझाच पाय दुखायला लागतो.

एक दिवस दवाखान्यातून येताना विष्णुपुरीच्या रस्त्याला आमची रिक्षा एका पांढऱ्या ठेंगण्या घोडीमागे अडकली. महिनाभर काहीही न मागितलेल्या पोरीनं विचारलं, "आत्या, हिच्यावर बसायला पाय लागतो का?" मी नाही म्हणाले. (हे खोटं होतं हे मला पुढे कळलं. घोडीवर डावीकडूनच चढतात, आणि रिकिबीत पहिला पाय डावाच घालतात. म्हणजे लागतो तो नेमका तोच.)

घोडी अमृतरावांची. वरातीला जाते, नाव मलिका. माझी लायब्ररीतली नोकरी अकराची, सकाळ मोकळी, म्हणून दुसऱ्या दिवशी शिवलीलाला कडेवर घेऊन त्यांच्या तबेल्यावर गेले. पोरीला रोज दोन फेऱ्या मारू द्या, असं विनवलं. त्यांनी सरळ सांगितलं की हे नवरदेवाचं जनावर आहे, बागेत पोरं खेळवायचं नाही. मग मी म्हणाले की तुमचा गडी पुण्याला निघून गेलाय असं चहावाला म्हणत होता, त्याचं काम मी करते. ते माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, "जमन का बाई? लीद हाय ती, अत्तर न्हाई." मी हो म्हणाले. तेव्हा त्यांनी कामं सांगितली: लीद उचलायची, खरारा करायचा, पाणी दाखवायचं, सकाळ-संध्याकाळ चंदी द्यायची आणि ती वेळेवर द्यायची. ब्रश घेऊन घोडीचं अंग घासणं म्हणजे खरारा, हे मी न लाजता विचारून घेतलं. चांदीचं मात्र विचारायला संकोच वाटला. लग्नाचा धंदा आहे, शकुनाची पद्धत असेल, असं मनाशी ठरवलं आणि तुम्हाला लिहिलं. तुम्ही शिवलीलाचे पैंजण पाठवलेत, प्लास्टर घालताना काढून ठेवलेले. ते रुमालावर ठेवून मी अमृतरावांपुढे धरले. त्यांनी एकदा पैंजणांकडे पाहिलं, एकदा घोडीकडे, आणि म्हणाले, "हे तिच्या पायात येत न्हाईत, बाई." तोवर मलिका माझ्या ओढणीचा काठ चावत उभी होती, कारण पाच दिवस सकाळची चंदी तिला कुणीच दिली नव्हती. संध्याकाळी ते स्वतः घालत होते आणि सकाळची मी घालते असं समजत होते. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तरीच ही माझ्याकडं अशी बघून राहिली."

तेव्हापासून सगळं रीतसर चाललंय. मला घोडीची भीती वाटते, हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं. अजून वाटते. पण खरारा करताना ती डोळे मिटते आणि मीही मिटते, त्यामुळे काम होतं. मग मी शिवलीलाला उचलून पाठीवर ठेवते आणि लगाम धरून चालते.

मलिकाला एक खोड आहे. वाजंत्री ऐकली की ती नाचायला लागते, आणि मांडवाच्या दारात भाकरतुकडा ओवाळून, पायावर पाणी पडल्याशिवाय थांबत नाही. नवरीकडच्या बायकांना उशीर झाला तर नवरदेव तेवढा वेळ वर हलत राहतो. अमृतरावांनी हे मला हसत सांगितलं होतं आणि मी हसले होते. गेल्या शुक्रवारी आम्ही कालव्याच्या कडेने निघालो होतो, अमृतराव पार लांब हौदावर, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यावर केवढा तरी स्पीकर, आणि गाणं नेमकं वरातीचं. मलिकाचे कान उभे राहिले. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, आणि मधे आपली पोर पाठीवर घेऊन घोडी पुढचे पाय उचलायला लागली. मी लगाम ओढला तर ती आणखी नाचली. अमृतराव तिकडून पळत येताना ओरडत होते, "ओवाळा व बाई, ओवाळा!" मला वाटलं, देवाचं नाव घ्यायला सांगतायत. मग एकदम डोक्यात लख्ख झालं. माझ्या पिशवीत डबा होता. पण भाकरी आपल्याकडची, कडक, तिचा तुकडा घाईत मोडतोय थोडाच. मी अख्खी भाकरी शेंगाच्या चटणीसकट शिवलीलावरून ओवाळली आणि भिरकावली. (चटणी माझ्याच केसात आली. भाकरी ट्रॅक्टरवाल्यानं झेलली आणि धन्यवाद म्हणाला.) बाटलीतलं पाणी मलिकाच्या पायावर ओतलं. आणि ती थांबली. मान खाली घालून, नवरदेव उतरायची वाट बघत, अगदी शहाण्यासारखी.

मी वर पाहिलं. शिवलीला दोन्ही रिकिबींत पाय देऊन ताठ उभी होती. डावी टाच खाली दाबलेली, सगळा भार त्या पायावर. मी बघतेय हे तिनं पाहिलं, आणि ती हळूच खाली बसली आणि पाय वर ओढून घेतला.

घरी आल्यावर मी केस धूत होते, तेव्हा ती दारात बसून आपणहून म्हणाली, "मी चालले तर अज्जा बाळालाच कडेवर घेतील ना?" मी डोळ्यात साबण गेल्याचं निमित्त केलं.

अमृतरावांनाही ते दिसलं होतं. ते म्हणतात, आता उचलून बसवायचं नाही. "नवरदेव कितीबी जाडजूड असूंद्या, चढतोय आपल्या पायानं." रविवारपासून मलिकाच्या लग्नाच्या तारखा सुरू होतायत, मग पौषापर्यंत तिला सकाळ नाही. म्हणजे शनिवार हाच शेवटचा दिवस. त्या दिवशी चढली तर चढली. नाही चढली तर पुढे काय करायचं ते मला सुचत नाही, आणि डॉक्टरांनाही सुचत असेलसं वाटत नाही.

काकूंना शरणु शरणार्थी, बाळाला पापा.

तुमची
स्वप्नाली

ता. क. पैंजण परत पाठवत नाही. रागावू नका काका, पण सुटी चांदी तेवढीच घरात होती म्हणून तुम्ही ते पाठवलेत की आता ते लागणार नाहीत असं वाटून, हे मी बरेच दिवस विचार करत होते. शनिवारी तिच्या पायात घालणार आहे. कडी ओढून बघितली, एक भोक पुढे सरकवावं लागलं, पण बसतात.

ता. क. २. तुम्ही येताय याचा आनंद झाला असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे, म्हणून दुरुस्त करते. शिडी तुमच्या दुकानातली म्हणून तुम्ही त्या दिवसापासून तिचा पाय जमिनीला लागू दिलेला नाहीत. दर वेळी आलात की बसमधून उतरल्या उतरल्या तिला कडेवर घेता ते परत बसमध्ये चढेपर्यंत. तुम्हाला शिकवायची माझी पायरी नाही. तरी सांगते, शनिवारी तिनं हात पसरले तर घेऊ नका. जमणार नसेल तर निलंग्यालाच राहा. जमणार असेल तर या. मी चंदीचं घमेलं भरून तुमच्या दोन्ही हातात देईन. ते खाली ठेवायचं नाही, मलिका सांडते. शिवलीला आपल्या पायानं चढली, फेरी मारून उतरली, की घमेलं टाकून द्या आणि तिला हवी तेवढी कडेवर घ्या. चालणाऱ्या पोरीलाही अज्जा घेतात, हे तिला माझ्या सांगण्यानं पटणार नाही.

ता. क. ३. हे सगळं मी तुम्हाला सांगतेय, पण तिनं हात पसरले की विरघळणारी दुसरी मीच आहे. म्हणून तारीख लिहून तुमच्या हवाली करते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता, मी तिला उचलणार नाही.