करंगळीची पद्धत

वसमत, जि. परभणी
ता. ३ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. पद्माबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

भारत सरकारने माझ्यावर मोठाच अन्याय केला आहे. एवढी वर्षं ‘पद्माबाई, जवळा बाजार’ लिहिलं की पत्र तुझ्या चुलीपर्यंत पोचायचं. आता पोस्टमास्तर म्हणतात, सहा आकडे घाला. सख्ख्या बहिणीला नंबर द्यायचा, हे फक्त तुरुंगात चालतं असं मी ऐकून होतो. आकडे घातले आहेत. चुकले असतील तर पत्र दुसऱ्याच कुणाच्या बहिणीला मिळेल आणि तिला माझा स्वभाव कळेल.

आता खरी बातमी. शाळेतला माझा व्हायोलिनचा वर्ग बंद करायचा घाट घातलाय. त्या खोलीत टायपिंगची यंत्रं बसवणार. संस्थेचे चिटणीस म्हणाले, टायपिंगची पोरं हापिसात लागतात; तुमची एकोणीस वर्षांत कुठं लागली ते महिनाअखेरच्या सभेआधी लिहून द्या. मी त्याच दिवशी लिहून दिलं. उकंडराव लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. नेमसिंग एस.टी.त कंडक्टर आहे. मुक्कामाच्या गावी स्टँडवर असा वाजवतो की त्याचा ड्रायव्हर बदली मागत नाही. तिघीजणी संसारात आहेत आणि लेकरं निजवायला वाजवतात. ग्यानोबा रेडिओवर वाजवतो.

चिटणिसांना बँड, एस.टी. आणि पाळणा दिसलाच नाही. ग्यानोबाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, यानं मासिकातल्या मुलाखतीत पुण्याच्या गुरूंचंच नाव घेतलं. तुम्ही शिकवलं असं त्याच्या सहीनं आणा, वर्ग राहील. मी आणणार नाही. आपल्याच शिष्याच्या दारात ‘मी तुझा गुरू होतो हो’ म्हणत उभं राहायचं? त्यापेक्षा टायपिंग शिकेन.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझा
नरसिंगदादा


जवळा बाजार
ता. ११ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मलाच मिळालं, तुमचा स्वभाव बाहेर फुटला न्हाई. तुमी खुशाल ताठ ऱ्हावा. खोली गेली की ताठ बसायलाबी जागा ऱ्हाणार न्हाई.

परवा आमच्या गल्लीत भिकाबाईच्या नातीचं लग्न झालं. बँड उकंडरावचा. तो व्हायोलिन वाजवून राहिला होता आन् माझी नजर त्याच्या गज धरल्या हातावर. करंगळी वर, सरळ, झेंड्यासारखी. मी विचारलं, बाबा, ती अशी काहून? तर म्हणाला, “मास्तरांची पद्धत हाय ती. खाली आली की मास्तर मारायचे.” घरी येऊन मासिकातला ग्यानोबाचा फोटो काढला. तिथंबी करंगळी उभीच. आधी पोट धरून हसले. मग हसू थांबलं.

दादा, तुमची करंगळी वाकत न्हाई, कारण ती कुरुंद्याच्या रस्त्यावर हळदीच्या गाडीच्या चाकाखाली आली होती. तुमी नऊ वर्षांचे, मी सहाची. गाडीत मी बसले होते. पोरांना हे कधी सांगितलं न्हाई काहून?

आणखी एक. रागवा, पण मी ग्यानोबाला पत्र टाकलंय. तुमाला मागायची लाज, मला न्हाई. मी कुठं कुणाची गुरू हाय?

लोभ असू द्या. राग आला तर तोबी पाकिटात घालून पाठवा, जपून ठेवीन.

तुमची धाकटी
पद्मा


वसमत
ता. ४ मार्च १९७५

चि. सौ. पद्माबाईस आशीर्वाद, पण या वेळी मोजून एकच. वि. वि.

ग्यानोबाचं पत्र आलं, सोबत हवा तो दाखलाही. पुण्यात पहिल्या दिवशी त्याची करंगळी पाहून अख्खा वर्ग हसला आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. माझ्यावर कुणी हसू नये म्हणून तो म्हणाला, कुणीच नाही. मग तेच उत्तर पुढं चालत राहिलं. ज्याला मी मनातल्या मनात कृतघ्न ठरवून बसलो होतो, तो दहा वर्षं माझी लाज झाकून होता.

तुझ्या ‘काहून’चं उत्तर. पहिल्याच वर्षी एका पोरानं विचारलं होतं. गाडीखाली आली म्हणायची मला लाज वाटली. म्हणालो, हीच पद्धत. आणि पद्धत म्हटली की ती पाळूनही घ्यावी लागते. मनकर्णा नावाची मुलगी होती. ती करंगळी गजावर टेकवून धरायची, म्हणजे खरं तर धरायला हवी तश्शीच. मी तिला तीन दिवस रोज एक पट्टी मारली. चौथ्या दिवशी ती आली नाही. यादीत मी तिला धरलंच नव्हतं.

शुक्रवारच्या सभेत दाखला खिशातच ठेवला आणि नवी यादी दिली. पहिलं नाव मनकर्णाचं: गज बरोबर धरणारी एकमेव विद्यार्थिनी, सध्या इथल्याच दवाखान्यात नर्स. खाली बाकीचे सगळे, बँड आणि पाळण्यासकट. तळाशी माझ्या सहीनं: करंगळीचा दोष शिक्षकाचा, सूर ज्याचे त्याचे. चिटणिसांनी विचारलं, हे लिहून वर्ग राहील असं वाटतं का? मी म्हणालो, न राहो. पण तुमच्या दाखल्यावर जगला असं कुणी म्हणणार नाही.

खोली गेली. यंत्रं आली. टायपिंगलाही करंगळी लागते म्हणे. त्या मास्तरांची शाबूत असो. काल सोमवारी वर्ग माझ्या ओसरीत भरला. सात लेकरं आली. आधी त्यांना करंगळी दाखवली, गाडीची हकिकत सांगितली आणि बजावलं, माझं सगळं उचला, एवढं सोडून. शेजारच्या मिराबाई म्हणाल्या, या आवाजाची आम्हाला तकलीफ होईल. मी म्हणालो, बराबर आहे, पहिली दोन वर्षं होईलच.

लोभ पूर्वीइतकाच ठेव. जास्त केलास तर तू आणखी पत्रं टाकशील.

नरसिंगदादा


वसमत
ता. ५ मार्च १९७५

मनकर्णाबाई यांस नमस्कार. वि. वि.

पूर्वी मी तुम्हाला ‘ए पोरी’ म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात तुम्ही मला सुई टोचलीत. ओळख दाखवली नाहीत आणि दुखवलंही नाहीत.

तुमची करंगळी बरोबर होती. मोडकी माझी होती, आणि ते ठाऊक असून मी तुम्हाला मारलं. त्या तीन पट्ट्या मी परत घेतो.

उत्तर देऊ नका. लोभ मागावा असं मी काही केलेलं नाही, म्हणून नुसती सही करतो.

नरसिंग