ताडपत्री आणि माझी नोकरी

३ मार्च
नोकरी पक्की. खुद्द अ‍ॅथलेटिक डायरेक्टर गेल हचिन्स बाईंनी गावच्या पेपरला सांगितलं, "कोच स्टकींना कॉलेजचा पूर्ण पाठिंबा आहे." सहावं पान, टायरच्या जाहिरातीखाली. पण शब्द स्पष्ट आहेत. कात्रण फ्रिजवर लावलं.
लॉरेनने ते वाचून विचारलं, पाठिंबा आहे तर तो छापायची वेळ का आली? लॉरेन शाळेत शिकवते, त्यामुळे तिला बायकोच्या भूमिकेतही प्रत्येक वाक्य तपासायची सवय. मग म्हणाली, ऑक्टोबरात फुटबॉलच्या कोचबद्दल हेच वाक्य छापून आलं होतं, तो आता विचिटा शहरात पोहण्याचे तलाव विकतो. योगायोग.
आतापर्यंतचे सगळे सामने हरलो हे खरं. पण सगळे बाहेरगावी, थंडीत. कॅन्ससच्या वाऱ्यात बेसबॉल सुरू होतो तो मुळात एप्रिलमध्ये.
यंदाचे संकल्प: अंपायरवर ओरडायचं नाही. सूर्यफुलाच्या बिया चघळणं बंद. पोट कमी.

४ मार्च
बिया पुन्हा सुरू. त्या सोडल्या तर पोट वाढतं, असं कुठेतरी वाचलंय.

११ मार्च
खुणांची नवी पद्धत तयार केली. पळायचं असेल तर नाक, मग टोपी, मग पट्टा. पण त्याआधी कानाला हात लागला असेल तर उलट. आणि डावा कान असेल तर उलटचं उलट. समोरच्या संघाला काही म्हणता काही कळणार नाही.
टिबेट्सने विचारलं, आपल्या संघाला कळेल का? टिबेट्स मदतनीस कोच आहे आणि अशाने मदतनीसच राहणार.

१४ मार्च
घरच्या मैदानावर पहिला सामना. १५–२. समोरच्यांना काहीही कळलं नाही, ही जमेची बाजू. आमचे दोन गडी एकाच वेळी एकाच बेसवर पोचले आणि एकमेकांची विचारपूस करत उभे राहिले.
दहा रनांनी मागे असलं की सातव्या इनिंगनंतर सामना थांबवतात. त्याला दयेचा नियम म्हणतात. दया कोणी मागितली होती? आणखी दोन इनिंग मिळाल्या असत्या तर चित्र वेगळं असतं.

१९ मार्च
प्रॅक्टिसच्या मध्येच पाऊस आला. पोरं डगआउटमध्ये, बाकांवरच्या छपराखाली, बसून बिया खात मैदान भिजताना बघत होती, जणू तिकीट काढून आली आहेत. मैदान झाकायची ताडपत्री तिथेच गुंडाळलेली. मी ओरडेपर्यंत एकही जण उठला नाही.
मग भाषण दिलं. चांगलं झालं, पाऊस थांबून ऊन पडलं तरी चालूच होतं. सार असं की हा संघ खेळात मागे नाही, स्वतःहून पुढे होण्यात मागे आहे. शेवटचं वाक्य इथे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल: "ढग दिसला की मैदान झाका. मला विचारू नका. मी नको म्हणालो तरी झाका."
पोलमनने मान डोलावली. ऑरिन पोलमन, आमचा कॅचर आणि कॅप्टन, शेवटच्या वर्षाला आहे. संघात माझं मन लावून ऐकणारा तो एकटाच. बाकीचे वर आकाशाकडे बघत होते. भारावले असावेत.

४ एप्रिल
जिंकलो! ९–४!
तपशील. संकल्पाप्रमाणे अंपायरवर ओरडलो नाही. अगदी शांतपणे त्याच्याजवळ गेलो आणि माझा चष्मा त्याला देऊ केला. त्याने मला मैदानाबाहेर काढलं. नियम असा की बाहेर काढलेला कोच नजरेस पडता कामा नये. म्हणून माझा पिकअप ट्रक कुंपणापलीकडे सोयाबीनच्या शेताच्या कडेला लावला आणि तिथून हॉर्नने खुणा दिल्या. लांब हॉर्न म्हणजे पळा, दोन छोटे म्हणजे हलकेच टोला.
टिबेट्स म्हणतो वारा उलटा होता, डगआउटमध्ये हॉर्न ऐकूच आला नाही. मग जिंकलो कसे? यावर तो बॅटी गोळा करायला लागला.
पोलमनने विचारलं, कोच, पुढच्या सामन्याला तुम्ही असणार का? काळजी करतं पोर.

१५ एप्रिल
मी हजर असताना दोन सामने हरलो. आज दाताच्या डॉक्टरकडे होतो, आणि जिंकलो. अर्धा जबडा बधिर होता, पण मनाने मी मैदानावरच होतो. पोरांना ते जाणवलं असणार.
पद्धत आता अंगात मुरली आहे. मी नसतानाही चालते, यालाच खरी शिकवण म्हणतात.

२० एप्रिल
टिबेट्सने विचारलं, दाताच्या डॉक्टरने परत कधी बोलावलंय? सगळ्या संघाला माझ्या दाताची चिंता लागली आहे.

२३ एप्रिल
हचिन्स बाई एका तरुणाला घेऊन मैदानावर आल्या. इस्त्रीचा टी-शर्ट, पांढरे बूट. ओळख करून दिली: ब्रेडन ओल्स्टॅड, मैदान बघायला आलेत. अखेर! नव्या कृत्रिम गवतासाठी चार वर्षं मागे लागलो होतो. पाठिंबा म्हणतात तो हा.
मी स्वतः सगळीकडे फिरवलं. पाण्याचा निचरा कसा होतो, विचारलं. बरोबर प्रश्न. मग विचारलं, यंदा किती जण पास होऊन जातात आणि कुठल्या पिचरचं एक वर्ष बाकी आहे. गवतवाला असून खेळाची जाण चांगली आहे. खुणांची पद्धतही करून दाखवली. तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, ताडपत्री बघू का? ती बघितली, शेड बघितली. शेवटी माझ्या ऑफिसात येऊन खिडकी उघडते का ते बघितलं. आतही गवत टाकणार की काय?
टिबेट्स दिवसभर माझ्याशी फार गोड बोलत होता. कॉफी आणून दिली. काहीतरी मागायचं असेल.

५ मे
हचिन्स बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "कोच, टूर्नामेंटला पोचा. मग पुढच्या वर्षाचं बोलू."
साधं आहे. नऊ कॉलेजं, आठ टूर्नामेंटला जातात, नववं घरी बसतं. आम्ही आज आठवे आहोत. नवव्याचे सामने संपलेत. आमचा एक बाकी आहे, शनिवारी, इथेच. तो हरलो तर आम्ही नववे.
समोरचा संघ पहिल्या नंबरावर आहे. ते यंदा फारसे हरलेले नाहीत. फारसे म्हणजे अजिबात.
आणखी एक नोंद, केवळ नियम म्हणून. पावसाने सामना झालाच नाही तर आम्ही आठवेच राहतो. रविवारी पदवीदान, तेव्हा पुढे ढकलायलाही जागा नाही.
दुपारी कॅन्टीनमध्ये खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल. दोन्ही दोनदा घेतले. पोटाचं टूर्नामेंटनंतर बघू.

७ मे
हवामान खातं म्हणतं, उद्या रात्री वादळी पाऊस.
मी काही म्हणत नाही.

८ मे, संध्याकाळ
प्रॅक्टिस लवकर सोडली. पोरं आपणहून ताडपत्रीकडे निघाली. वर्षभर जी हलली नाहीत ती आजच निघाली! मी थांबवलं. सांगितलं, आज झाकायचं नाही, मातीला जरा श्वास घेऊ द्या.
पोलमनने पश्चिमेकडे बघितलं. तिकडे आकाश जांभळ्या वांग्याच्या रंगाचं झालं होतं. म्हणाला, "कोच, ते बघितलंत ना?" मी म्हणालो, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे आकाश बघतोय, याच्यात पाणी नाही. तेवढ्यात विजा चमकल्या. मी सगळ्यांना माझ्या खर्चाने पिझ्झा खायला पाठवलं.
पोलमन जाता जाता मागे वळून सांगून गेला. उद्या त्याचा या मैदानावरचा शेवटचा सामना. इडाहोहून आईवडील दोन दिवस गाडी चालवत येताहेत. मला वाईट वाटलं. पण टूर्नामेंटमध्ये त्याला आणखी सामने मिळतील, म्हणजे हे मी त्याच्यासाठीच करतोय. हा मुद्दा सुचल्यावर बरं वाटलं.

साडेनऊ
पाऊस सुरू. छपरावर दणके. लॉरेन विचारते, का हसतोयस? म्हणालो, शेतकऱ्यांसाठी.

९ मे
सकाळी आरशासमोर दुःखी चेहऱ्याचा सराव करून निघालो. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. बदकं उतरलेली. मन भरून आलं.
आत गेलो. ताडपत्री अंथरलेली. कोपऱ्या-कोपऱ्यावर वाळूच्या पिशव्या, आणि जिथे पिशव्या पुरल्या नाहीत तिथे पोरं. दोघं चक्क ताडपत्रीच्या कडेवर झोपली होती. बाकीची डगआउटमध्ये एकमेकांच्या अंगावर, गुडघ्यापर्यंत चिखल. वाऱ्याने ताडपत्री रात्रभर उडत होती आणि पोरं ती रात्रभर पकडत होती.
पोलमन उठला. केसात गवत. मला बघून असा हसला की मी दुःखी चेहरा करायला विसरलो. म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, मी नको म्हणालो तरी झाका. काल नको म्हणालात तेव्हा पोरं चिडली. मी म्हटलं, अरे गाढवांनो, कोच परीक्षा घेताहेत."
काय बोलणार? म्हणालो, पास झालात.
हचिन्स बाई कॉफीचा थर्मास घेऊन आल्या होत्या. ताडपत्री काढली. खाली माती कोरडी, पाटीसारखी सपाट. अंपायर चालत गेला, बुटाने दोनदा दाबून बघितली. हा तोच, चष्म्याचा. माझ्याकडे बघत म्हणाला, "मला तरी नीट दिसतंय. खेळा."
समोरचा संघ हॉटेलात झोपून, अंडी-बटाटे खाऊन बसमधून उतरला. आमचा पिचर राष्ट्रगीत चालू असताना उभ्या उभ्या पेंगत होता.
१७–१. पुन्हा दया.
तो एक रन पोलमनचा. खुणा मी दिल्याच नाहीत, मला आठवेनात. त्याने मनानेच टोला हाणला आणि मनानेच पळाला. घसरत होम प्लेटवर पोचला तेव्हा त्याची आई कुंपणाला धरून ओरडत होती. संघ सोळा रनांनी मागे होता हे तिला कोणी सांगितलं नसावं.
नंतर तो हात मिळवायला आला. म्हणाला, "सामना झाला तरी, कोच. मला भीती होती होतोय की नाही." मला काहीतरी म्हणायचं होतं. नाकाला हात लावला, मग टोपीला. त्याने बराच वेळ बघितलं. कळलं नसावं. ही खूण पद्धतीत नाही.

१२ मे
हचिन्स बाईंकडे मीटिंग. खेळीमेळीत झाली. कोच म्हणून माझा करार पुढे वाढवायचा नाही, असं ठरलं आहे. पण त्यांनी हेही सांगितलं की इतक्या वर्षांत एवढ्या मायेने झाकलेलं मैदान त्यांनी पाहिलं नाही, आणि हे ज्याने पोरांना शिकवलं त्या माणसाला कॉलेज सोडणार नाही. आजपासून मी मैदान व्यवस्थापक. नव्या कोचने मला नाव घेऊन मागून घेतलं म्हणे.
नवा कोच म्हणजे ब्रेडन ओल्स्टॅड. गवताच्या धंद्यातून थेट कोच. हल्ली कोणीही कुठेही चढतं.
लॉरेनला सांगितलं, बढतीच आहे एका परीने. संघाचे खेळाडू बदलतात, मैदान कायम राहतं. ती म्हणाली, हो व्हर्न. हो व्हर्न म्हणाली की मी पुढे बोलत नाही.

१५ मे
ऑफिस रिकामं केलं. खिडकी उघडते, हे आज कळलं. नवं ऑफिस शेडमध्ये. ताडपत्रीच्या बाजूला खुर्ची बसते.
खुणांची पद्धत ब्रेडनला लिहून दिली. त्याने घडी करून खिशात ठेवली. नंतर ती टिबेट्सकडे दिसली, तो त्यावर सँडविच ठेवून खात होता. अभ्यास चालू असावा.

१७ मे
पेपरात ब्रेडनची मुलाखत. पान दोन. शेवटी माझाही उल्लेख आहे: "मैदानाच्या कामात स्टकींना माझा पूर्ण पाठिंबा आहे." कात्रण फ्रिजवर लावलं, जुन्याच्या शेजारी. लॉरेनने दोन्ही वाचली. यावेळी तिने फक्त चुंबक सरळ केला.
परवा सकाळी ब्रेडन नव्या पोरांची निवड करणार. मैदान कोरडं हवं असा निरोप आहे. हवामान खातं म्हणतं, उद्या संध्याकाळपासून पाऊस, वाऱ्यासकट.
ती ताडपत्री ओढायला निदान डझनभर माणसं लागतात. मी कोणालाही फोन केलेला नाही आणि करणारही नाही. ढग दिसला की पोरं आपणहून येतील. मी त्यांना तसं तयार केलंय.
लॉरेनला हे सांगितलं. ती म्हणाली, कॉलेज मागच्या आठवड्यात संपलं, व्हर्न. पोरं घरी गेली. पोलमन इडाहोत आहे.
मी म्हणालो, बघू.
ती आता गॅरेजमध्ये आहे. तिचे रबरी बूट शोधते आहे.