मानाचं क्रेट

नाशिक, ६ जानेवारी २०२५

ती. दादास उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना चिठ्ठी कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलताना हे शेजारी बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. म्हणून तुझा भाजीचा टेम्पो घेऊन येणाऱ्या भिकाभाऊंच्या हातीच ही देते.

ह्यांची शुगर वाढलीय. डॉक्टरांनी जेवणाआधी ताटभर कच्चं खायला सांगितलंय, म्हणून मी रोज नवं सॅलड करून बघते. परवा लाल कोबी, मोडाचे मूग आणि वर दाण्याचा कूट, लिंबू. काल बीट, संत्र्याच्या फोडी आणि तुझ्या भाजीच्या पॅकहाऊसचं कुरकुरीत आइसबर्ग लेट्यूस. सासूबाईंना दात नाहीत, पण हौस दांडगी. सगळं किसून घेतात आणि पहिला घास त्यांचाच. ब्रोकोलीला झाड म्हणतात, आज झाड नाय का केलं म्हणून विचारतात.

ह्यांना मात्र एकही पसंत नाही. मी काय बोकड आहे का, पाला घालतेस, असं म्हणाले. काल फोनवर तू आवाज ऐकलास तो ताटाचा. हातातून निसटलं, एवढंच.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
उज्वला


पिंपळगाव बसवंत, ९ जानेवारी

चि. सौ. उज्वला हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं झाडाचं वाचून वहिनी पोट धरून हसली. मी नाही हसलो. बाई, मी तीस वर्षं लिलावात उभा आहे. हमाल होतो तेव्हापासून कानावर जगलोय. कोण खरंच घेणार आणि कोण उगाच बोली चढवतोय, हे मला खोकल्यावरून कळतं. हातातून निसटलेलं ताट जमिनीवर पडतं आणि गरगरत थांबतं. तुझं ताट आधी भिंतीला लागलं. आणि नंतर तू पिंपळगाव म्हणालीस ना, त्यातला एकही प धड निघाला नाही. ओठ सुजल्याशिवाय माणूस असं बोलत नाही. खरं काय ते लिही.

तोवर घरात शांतता राहावी म्हणून ह्या खेपेला क्रेट जरा जड पाठवतो. अव्होकॅडो, चेरी टोमॅटो, निर्यातीची द्राक्षं आणि दाजींसाठी एक सफारीचं कापड. रागाचा माणूस मानाने निवतो, असं आपले आबा म्हणायचे. जावई तो जावईच.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
गोरक्ष


नाशिक, १६ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

विचारलंस म्हणून लिहिते. ताट भिंतीला लागलं ते माझ्या कानाजवळून गेलं म्हणून. ओठ त्याआधीचा. गेल्या मंगळवारी काकडी आणि दह्याचं केलं होतं, त्यात मीठ कमी पडलं. धनराजने माझे केस धरून तोंड वाडग्यात दाबलं आणि धरून ठेवलं. नाकात दही गेलं, श्वास कोंडला. सासूबाई मधे पडल्या तर त्यांना फ्रीजवर ढकललं. त्यांचं मनगट अजून काळंनिळं आहे. बुधवारी मी भाजी चिरत होते तेव्हा त्याने विळीच्या पात्यावर माझा हात दाबला. करंगळीला टाके आहेत. डॉक्टरांना मी गाजर सांगितलं.

दादा, आता क्रेट पाठवू नकोस. दिवाळीत मला मारलं तेव्हा तुझी मिठाई आली. दसऱ्याला मारलं तेव्हा घड्याळ. परवा सफारीचं कापड अंगाला लावून आरशात बघत तो म्हणाला, बघ, तुझ्या माहेरचेही मला नावं ठेवत नाहीत. तू मान पाठवतोस, तो पावती समजतो.

आता एकच कर. त्याला काही सांगू नकोस, विचारू नकोस. रविवारी सकाळी तो जिमला जातो तेव्हा रिकामा टेम्पो घेऊन खाली उभा राहा. मी येते. सासूबाई येत असतील तर त्यांनाही आणते.

मला अजून तुझ्यावरच विसंबायचंय.

उज्वला


पिंपळगाव बसवंत, १७ जानेवारी

श्री. धनराज दाजी यांस गोरक्षचा सप्रेम नमस्कार.

बहिणीला माहेरी न्यायचं तर जावयाला सांगावा धाडून न्यावं, चोरासारखं जिन्याखाली उभं राहू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. मी रीत मोडत नाही. म्हणून कळवतो की परवा रविवारी मी येतोय. उज्वलाने जे सॅलड केलं असेल ते आपण बसून एका ताटात खाऊ. मीठ कमी असलं तर मी वरून घेईन, तुम्हीही घ्या. मग ती माझ्याबरोबर निघेल.

दाजी, मी पिंपळगावच्या यार्डात पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर वाहिल्यात. माणूस त्यापेक्षा थोडा जड असतो, पण मधे वाकतो, त्यामुळे उचलायला सोपा जातो. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं. तोवर तिच्या अंगाला बोट लावू नका. माझे कान चांगले आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे.

भिका हे पत्र तुमच्या हातात देईल. तुमचा लोभ मला नको, पण सबुरी असू द्या.

गोरक्ष


नाशिक, २ फेब्रुवारी

गोरक्षभाऊंना उज्वलाच्या सासूचा, सगुणाबाईचा रामराम.

तुम्ही दवाखान्यातून उज्वलाला घेऊन गेलात तेव्हा माझ्याकडं बघितलं पण नाय. मी रागावले नाय. पण त्या दिवशी काय झालं ते भिकानं तुम्हाला अर्धंच सांगितलं असंल, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र धनराजनं ओट्यापाशी उभ्यानं वाचलं. पोरगी शेजारी गाजर अन् कच्ची पपई किसत होती, माझ्यासाठी. पत्र शहाण्या माणसाचं होतं, भाऊ, पण ज्याच्या हातात पडलं त्याच्यापासून ती हातभरावर उभी होती. त्यानं सुरी उचलली. पहिला वार खांद्यावर, दुसरा पाठीत. ती खाली पडली तरी तो वाकून मारतच होता. मी खलबत्त्यातला दगड घेतला अन् माझ्या पोटच्या पोराच्या डोक्यात घातला. दोनदा घातला. भिका जिन्यातून ओरडा ऐकून परत आला तवर तो आडवा झाला होता.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, माझा दगड पण सांगितला. साहेब म्हणाले आजी, आई असून असं बोलता. मी म्हणले आई हाय म्हणूनच मला दिसलंय.

काल तो जामिनावर सुटला. डोक्याला पट्टी होती. दार वाजवून म्हणाला, आई भूक लागलीय. घर माझ्या नावावर हाय, कुलूप मी नवं घातलंय. भाकरी टोपल्यात होती, दोन्हीकडून मऊ होती. मी कडीला हात लावून उभी राहिले. तो लहानपणी हाक मारायचा तशीच हाक मारत होता. लय वेळ मारली. मग जिना उतरून गेला.

उज्वलाला सांगा, पाठीच्या जखमेला पाणी लागू देऊ नको.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. त्याच्या आईवर कितपत ठेवायचा, ते तिलाच विचारून कळवा.

सगुणाबाई