जोडीतलं एक शमादान

१४ मार्च

ताईस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायला घेतलं होतं, हात धजेना. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, मोरीतला नळ गळतो, तुझं पत्र पोचलं.

आई गेल्यावर तुझं हे पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर मेणबत्तीचं शमादान! "तुझ्याकडचं पाठव, गिऱ्हाईक जोडीच मागतंय." वा गं वा! आईबद्दल एक ओळ नाही.

गिऱ्हाईकाला सांग, जुनी, अस्सल इंग्लिश स्टर्लिंग चांदी आहे, तळाला सिंहाचा शिक्का आहे. माझ्याकडचा सिंह मात्र झिजलाय. आई येताजाता त्यावरून अंगठा फिरवायची. ज्या इंग्लिश म्हातारीची तिने शुश्रूषा केली, तिने दिलेली ही जोडी. आईने मुद्दाम फोडून आपल्याला एकेक दिलं. "जोडी लावायची म्हटलं की दोघींना एकत्र यावंच लागेल," म्हणायची. भोळी बिचारी!

शेवटच्या आजारपणात तिने एकच धोशा लावला होता, दोन्ही शेजारी-शेजारी पेटलेली बघायची. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "एकदा तुझ्या घरात गेलं की परत मिळायचं नाही." अगं, शमादान घेऊन तू ये, असं म्हणत होते मी. तुला त्यातलं शमादान तेवढं ऐकू आलं.

मग मी माझं एकटंच कपाटाच्या आरशासमोर ठेवलं, मेणबत्ती लावली. आईला तेव्हा धूसरच दिसायचं. दोन ज्योती बघून तिचा चेहरा असा काही फुलला!

"आली का गं ताई?"

"आली," म्हटलं.

"दमली असेल. आधी जेवायला वाढ तिला."

मी स्वयंपाकघरात जाऊन रिकामं ताट मांडलं, वाटी वाजवली, तिला ऐकू जावं म्हणून. ते ऐकून ती निवांत झोपली. ती काही पुन्हा उठली नाही.

खोटं बोलले, बरं केलं. पुन्हा बोलेन. पण ते तुझ्यासाठी नव्हतं, हे नीट ध्यानात ठेव.

शमादान मिळणार नाही. जोडीच हवी असेल, तर तुझं आरशासमोर ठेवून दाखव. आईला पुरली, तुझ्या गिऱ्हाईकालाही पुरेल.

तुझं ताट वाढून बसलेली,
धाकटी