बिनमालकाचा बाण

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास आत्याचे अ. उ. आ.

तू 'मुख्य आर्किटेक्ट' झालास ही बातमी तू सोडून सगळ्यांनी मला सांगितली. दादाने ती न्हाव्याला सांगितली, दाताच्या डॉक्टरला सांगितली आणि दाढ काढून झाल्यावर तोंडात कापूस असतानाच मला फोन केला. मला दोनच शब्द कळले, 'मुख्य' आणि 'केबिन'. अभिनंदन!

आता मुद्द्याचं. तुमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांत बसणार आणि कुणाला कोणतं औषध कधी द्यायचं ते नर्सला सांगणार, असं दादा म्हणतो. ते काम मी एकतीस वर्षं हाताने केलं, त्यातली शेवटची सहा मेट्रन म्हणून. तेव्हा विचारायचा हक्क मला आहे: तू स्वतः शेवटचा प्रोग्रॅम कधी लिहिलास? माणूस पदावर चढला की त्याचे हात खिशात जातात आणि एक बोट तेवढं बाहेर राहतं, दाखवायला. असली बोटं मी ढिगाने पाहिली. बोट दाखवून बरा झालेला रुग्ण एकही पाहिला नाही!

उत्तर लिही. गोलगोल लिहिलंस तर लाल शाईने खुणा करून परत पाठवीन.

तुझ्या भल्यासाठीच भांडणारी,
आत्या

---

१० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, एकवीस महिने झाले. मी दिवसभर बैठकांना जातो आणि चित्रं काढतो. प्रत्येक टीमच्या कामाचा एक चौकोन, आणि कुठली माहिती कुठून कुठे जाते ते दाखवायला मध्ये बाण. सर्वांत मोठं चित्र केबिनबाहेरच्या भिंतीवर आहे. पाहुणे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

तुझा प्रश्न झोंबला म्हणून त्याच दिवशी प्रोग्रॅम उघडायला गेलो, तर उघडेना. माझी परवानगीच काढून टाकलेली. अर्ज केला. तो मंजुरीसाठी माझ्याकडेच आला, सोबत नियम जोडलेला: वरिष्ठांनी प्रोग्रॅमला हात लावू नये, त्यांचा वेळ मौल्यवान असतो. नियम मीच लिहिला होता. म्हणून मी अर्ज नामंजूर केला, अर्जदार म्हणून चिडलो आणि पुन्हा अर्ज केला. तिसऱ्या दिवशी मला माझी दया आली.

आत शिरल्यावर कळलं की भिंतीवरचे निम्मे चौकोन केव्हाच मोडीत निघालेत. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर बाईंना सगळे 'तिखट' म्हणतात. त्यांना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या की खरं चित्र त्यांच्या टेबलावर काचेखाली असतं; भिंतीवरचं माझ्यासाठी राहू दिलंय, कारण मी ते फार मनापासून रंगवलं होतं.

आत्या, २८ तारखेला मला सही करायची आहे: 'जसं आखलं तसंच तयार झालं, वापरायला सुरक्षित.' त्यानंतर ते चाळीस वॉर्डांत सुरू होणार. सही नाही केली तर केबिन जाईल, आणि डोळे मिटून केली तर कुणाचा तरी जीव. राजीनामा टाकून पुन्हा साधा प्रोग्रॅमर होऊ का?

तुझाच, अजून तरी मुख्य,
ठोंब्या

---

१४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

आधी पोट धरून हसले, मग संतापले. राजीनामा कसला? पळ काढायला सभ्य नाव दिलं म्हणून तो पळ नसतो की काय?

तुला वाटलं असेल, आत्या शाबासकी देईल. नर्सेसच्या सभांमधून मी हाताने काम करण्यावर टेबल आपटून बोलले आहे खरी. पण एक गोष्ट मी कुठल्याच भाषणात सांगितली नाही. मेट्रन झाल्यावर मी खुर्चीत बसायला नकार दिला. रोज वॉर्डात, रोज स्वतः इंजेक्शनं. सगळे वाखाणायचे. इकडे ड्यूटीचा तक्ता माझ्या टेबलावर अर्धवट. एके दुपारी चार नंबर वॉर्डात दोन ते पाच एकही नर्स नव्हती. एकीला वाटलं दुसरी आहे, दुसरीला वाटलं पहिली. एक म्हातारे गृहस्थ पलंगावरून पडले, खुबा मोडला. मी दोन मजले खाली एकाला पट्टी बांधत होते, स्वतःवर खूश होऊन.

हात कामात हवेतच. पण जे तुझ्यावाचून कुणाच्याच वाट्याला येत नाही, त्या कामात आधी. त्या तिखट बाईंशेजारी खुर्ची ओढ. एका रुग्णाचं औषध डॉक्टरच्या लिहिण्यापासून नर्सच्या हातापर्यंत स्वतः नेऊन बघ. सही नंतर.

माया आहे म्हणूनच टोचते,
आत्या

---

१६ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बसलो. आम्ही एक खोटा रुग्ण तयार केला. दोन डॉक्टरांनी त्याला रक्त पातळ करणारं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहून दिलं. नर्सला इशारा मिळायला हवा होता. मिळाला नाही. बिचाऱ्याला दोन्ही डोस गेले.

डॉक्टरांकडची टीम म्हणाली, इशारा नर्सकडच्या टीमने द्यायचा. नर्सकडची म्हणाली, डॉक्टरांकडच्यांनी. दोघेही प्रामाणिक. भिंतीवरच्या चित्रात बाण होता, काचेखालच्या चित्रातही होता. प्रत्येक चौकोनाला मालक होता, बाणाला कुणीच नव्हतं. म्हणजे मीच होतो, आणि मी बैठकीत होतो.

२८ ला सही केली नाही. साहेबांनी विचारलं की एका खोट्या रुग्णासाठी खरी तारीख हुकवणार का. मी म्हणालो, खरा रुग्ण येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. तेवढं एक वाक्य मी तुझ्या आवाजात बोललो.

मग तो बाण स्वतः लिहिला. तिखट बाईंनी तीनदा परत केला. पहिल्यांदा शेरा होता की एवढं लांबण कशाला, ही काही बैठक नाही. चौथ्यांदा इशारा वाजला. अकरा दिवस उशिराने सही केली.

त्यानंतर साहेबांचा आदेश आला: ज्याअर्थी मुख्य आर्किटेक्टला प्रोग्रॅम लिहायला वेळ मिळतो, त्याअर्थी त्या पदाला पुरेसं काम नाही. पद रद्द, केबिन परत. सहीची जबाबदारी मात्र माझ्याकडेच राहिली, कारण ती घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. आता तिखट बाईंच्या शेजारी बसतो. बाण सगळे माझ्या नावावर.

काल दुपारी एका वॉर्डात तो इशारा पहिल्यांदा खरा वाजला. नर्सने हात थांबवला, दोन्ही डॉक्टरांना विचारलं, एक डोस रद्द झाला. रुग्णाला काहीच कळलं नाही. साहेबांनाही.

टोचणं चालू ठेवावंस ही विनंती,
तुझा,
ठोंब्या