मधल्या पट्ट्यातला सापळा

रुआँ, ता. ९ फेब्रुवारी १९९७

चि. गाएतान यास,
अ. उ. आ. वि. वि. रिवाज म्हणून आशीर्वाद लिहितो आहे, नाहीतर कालचा बर्फावरच्या हॉकीचा सामना टीव्हीवर पाहिल्यापासून आशीर्वादाला हात वर होत नाही.

शर्ब्रूकच्या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक माझा धाकटा भाऊ आहे, हे गावात मी स्वतः सांगत फिरलो. आता दुकानाच्या मागच्या दाराने ये-जा करतो. बर्फाच्या मधल्या पट्ट्यात तुझे पाच धडधाकट गडी नुसते रांग धरून उभे! समोरचा चुकेल, मग ती रबरी चकती, तो पक हिसकावू, मग तो लांब फेकू, आणि पुन्हा उभे राहू. याला तुम्ही लोक सापळा म्हणता. मी याला पहारा म्हणतो. पहारेकरी बघायला कोणी तिकीट काढत नाही रे.

आणि माझ्या पोराचं, मार्सियालचं काय केलंस? अंगणात पाणी ओतून, रात्रभर गोठवून, सकाळी खरवडून मी त्याला चढाई शिकवली. कुठल्या वर्गाला गेलो नाही, कसलं प्रमाणपत्र नाही. जे येतं ते डोळे उघडे ठेवून शिकलो. त्या पोराला तू दुसऱ्या संघाच्या नेमबाजामागे सावलीसारखा फिरवतोस. उन्हाळ्यात त्याचा करार संपतो. मोठ्या लीगमधल्या संघाने बोलावलं नाही तर तो माझ्या दुकानात करवती दुरुस्त करायला येणार, आणि त्याला करवतीच्या साखळीला धार लावता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. बोलावणं गोल करणाऱ्याला येतं, सावलीला नाही.

तुझ्या वहिनीने, लोरेतने, तुला लोकरीचे मोजे पाठवलेत. लोभ आहेच, पण तो तुझ्यावर. तुझ्या खेळावर कवडीचाही नाही.

तुझा,
ओरेलदादा


शर्ब्रूक, ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. मोजे पोचले. पत्रही पोचलं. मोजे जास्त ऊबदार निघाले.

दादा, तुझी हॉकी अंगणातली आहे. तिथे समोर शेजारचा दमेकरी आल्फाँस असायचा आणि तुला वाटायचं, आपण वादळासारखे घुसलो. इथे बेफाम घुसणाऱ्याच्या पाठीमागे मोकळं मैदान उरतं आणि समोरचे तिथूनच गोल करतात. आपल्या आजोबांनी जन्मभर बीव्हरचे सापळे लावले, त्यांना कोणी भित्रा म्हटलं नाही. जनावर कुठून येणार हे आधी ओळखावं लागतं. मार्सियाल ते ओळखतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही.

मोठ्या लीगमधल्या संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, मॅकअस्किल, हल्ली आमच्या प्रत्येक सामन्याला येतो. पक मार्सियालकडे आला की तो खाली बघून शेंगदाणे सोलतो. दुसऱ्याकडे गेला की मान वर करून मार्सियालकडे बघतो. यावरून काय ते समज. तुझ्यासारख्या स्वयंभू पंडिताला मी अधिक काय सांगणार?

वहिनींना नमस्कार. राग उतरला तर लोभ ठेव. नसेल उतरला तर तोही चालेल, पण पोराचे कान भरू नकोस.

तुझा,
गाएतान


रुआँ, ता. २६ फेब्रुवारी

चि. गाएतानास,
अ. आ. आजोबांना यात ओढलंस म्हणून लिहितो. आजोबा सापळा लावून घरी येत आणि सूप पीत. सापळा बघा, म्हणून शेजाऱ्यांकडून तिकिटाचे पैसे घेत नसत.

आणि तुझा तो मॅकअस्किल! ज्याला पकापेक्षा शेंगदाणा गोड, त्याच्या नजरेवर माझ्या मुलाचं भवितव्य टांगतोस? काल न्हाव्याकडे एकाने विचारलं की, पुतण्या काकाच्या हाताखाली गोठला का? मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

कान मी भरत नाही. बाप बोलतो त्याला कान भरणं म्हणत नाहीत. प्रकृतीस जप; पाठीच्या कण्यास विशेष जप, तो सध्या दिसत नाही.

ओरेल


शर्ब्रूक, ता. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. आज वि. वि. काही नाही, सरळ विचारतो. शनिवारी तू मार्सियालला फोन केलास ना?

हॅलिफॅक्सशी सामना बरोबरीत होता. ज्याला धरून ठेवायचं त्याला सोडून तुझा चिरंजीव मधल्या पट्ट्यातून एकटाच भाला होऊन सुटला. त्यांनी पक काढून घेतला, मोकळ्या सुटलेल्या त्या नेमबाजाने गोल केला, आम्ही हरलो. पोराने तुझं नाव घेतलं नाही. पण बाकावर बसल्या बसल्या तो पुटपुटला की, उभं राहणं हे पुरुषाचं काम नव्हे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, दादा. कोणाच्या तोंडून, ते सांगायला नको.

मॅकअस्किल सामना संपायच्या आत उठून गेला. पुढच्या शनिवारी आमचा शेवटचा सामना, पुन्हा हॅलिफॅक्सशीच. तो तेव्हा शेवटचा बघणार आणि मग हो की नाही कळवणार. फोन ठेव आणि स्वतः ये. टीव्हीवर कॅमेरा पकाच्या मागे पळतो. मार्सियाल काय करतो ते त्यात दिसतच नाही. तिकीट पाठवतो आहे. फुकटचं आहे, तेव्हा पहारा बघायला हरकत नसावी.

गाएतान


शर्ब्रूक, ता. २ एप्रिल

सौ. लोरेतवहिनींस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. दादा टोपीशिवाय घरी आला आणि सूपही गार करून पितो, हे वाचून आम्ही इथे पोट धरून हसलो. आता ऐका.

पहिला अर्धा तास तो माझ्या बाकाच्या मागे बसून मला ऐकू येईल अशा बेताने जांभया देत होता. मग जांभया थांबल्या. शेवटच्या मिनिटात आम्ही एका गोलने पुढे. हॅलिफॅक्सने गोलरक्षक काढून सहावा गडी उतरवला. त्यांची जाळी रिकामी. त्यांचा नेमबाज मारत सुटला आणि मार्सियाल आडवा पडत राहिला. एक फटका नडगीवर, दुसरा बरगडीवर. उठला तो लंगडतच. तिसराही त्याने छातीवर घेतला.

वहिनी, एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक टोप्या बर्फावर फेकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन फटके अडवल्याबद्दल टोपी फेकणारा माणूस मात्र जगात पहिल्यांदाच पाहिला. दादा उभा राहिला, ओरडला की, हा माझा मुलगा, आणि ती कातडी टोपी भिरकावली. इकडे छातीवर आपटलेला पक मार्सियालच्याच काठीपुढे पडलेला, समोर रिकामी जाळी, आणि मध्ये टोपी. बर्फावर वस्तू पडली म्हणून पंचाने शिट्टी फुंकून खेळ थांबवला. हंगामभर ज्या गोलसाठी दादाने माझी साल काढली, तो त्याने स्वतःच्या हाताने अडवला.

सामना आम्हीच जिंकलो. टोपी पंचाकडे आहे. मागायला दादानेच यावं. त्याच्याइतका पक्का बचावपटू मला आजवर मिळाला नव्हता, एवढं त्याला माझ्या वतीने सांगा, आणि सांगून झाल्यावर थोडं लांब उभ्या राहा.

आपला धाकटा दीर,
गाएतान


रुआँ, ता. ११ एप्रिल

चि. गाएतानास,
अ. आ. चहाड्या बायकांकडे कराव्यात, ही तुझी जुनीच पद्धत. तो पंच आंधळा आहे. टोपी पकापासून हातभर लांब होती. मी पाहिलं.

मोठ्या संघाच्या कचेरीतून काल मार्सियालला बोलावणं आलं, हे तुला माझ्याआधी कळलं असेलच. लोरेत रडली. मी दुकान उघडलं. थोड्या वेळाने सावकारी चालीचा तो ल्यूदोविक करवत घेऊन आला आणि दात विचकत म्हणाला की, पोरगा वर चालला म्हणे, हंगामात गोल किती केले? मी म्हटलं की, एकही नाही. तो हसला. मग त्याला बसवलं आणि मधला पट्टा कसा धरतात, पाठ न वळवता मागे कसं सरकतात, माणूस कुठून येणार हे त्याच्या खांद्यावरून कसं ओळखायचं, सगळं खडूने फरशीवर काढून दाखवलं. पुढे तो उठून जायला लागला, तेव्हा मी दारात उभा राहिलो.

त्याची करवत मी धार न लावताच परत केली. गोल मोजणाऱ्यांची कामं मी आजपासून बंद केली आहेत.

तुझा,
ओरेलदादा